दोन दिवस विकत घेताना

टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवणारं व्हीसीआर नावाचं यंत्र केव्हाच अडगळीत गेलं, पण त्याच्या निमित्ताने झालेला एक प्रयोग जलद डिलिव्हरीला जादा पैसे भरावेत का, हे ठरवताना अजून कामाला येतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टीन यांनी तो १९८८ साली प्रसिद्ध केला. काही जणांना विचारलं, व्हीसीआर तुम्हाला वर्षभराने मिळणार आहे. आत्ताच हवा असेल तर किती जादा मोजाल? सरासरी उत्तर आलं ५४ डॉलर. दुसऱ्या गटाला सांगितलं, व्हीसीआर आत्ताच तुमचा आहे. वर्षभर थांबायला किती भरपाई घ्याल? त्यांनी सरासरी १२६ डॉलर मागितले. यंत्र तेच आणि वर्षही तेच, तरी त्याची किंमत दुपटीहून जास्त झाली.

ऑनलाइन खरेदीच्या शेवटच्या पायरीवर ‘साधी’ आणि ‘जलद’ असे दोन पर्याय येतात. तेव्हा आपण कुठल्या गटात बसायचं, हे ते पान ठरवत असतं. जलद पर्यायावर आधीच खूण केलेली असली की तो आपला झालेला असतो, आणि मग तो सोडणं जिवावर येतं. म्हणून मी प्रश्न मुद्दाम उलटा करून पाहतो. जलद डिलिव्हरी फुकटच असती आणि कुणी म्हणालं असतं, ‘तीन दिवस थांबा, हे एवढे पैसे परत घ्या’, तर मी थांबलो असतो का? असा उलटा प्रश्न थांबण्याची किंमत फुगवून दाखवतो, हे व्हीसीआरवाल्यांनी दाखवलंच आहे. तेव्हा एवढं करूनही उत्तर ‘हो, थांबलो असतो’ असं आलं, तर जादा पैसे भरायचं काही कारण उरत नाही.

ऑर्डर देतानाच्या क्षणावर तसाही भरवसा ठेवू नये. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८१ साली लोकांना विचारलं होतं, आज मिळणाऱ्या १५ डॉलरऐवजी महिन्याने, वर्षाने किंवा दहा वर्षांनी किती मिळाले तर चालेल? मधली उत्तरं आली २०, ५० आणि १०० डॉलर. म्हणजे पहिला एक महिना थांबण्याचे पाच डॉलर, आणि पहिल्या वर्षानंतरची नऊ वर्षं थांबण्याचे अवघे पन्नास! अगदी जवळचं थांबणं सर्वांत महाग वाटतं. माझ्याकडे घाईघाईने मागवलेला एक खोका आठवडाभर न उघडता पडून होता, त्यामागे हेच गणित असावं. आळस होताच, तो भाग वेगळा.

पण सगळा दोष मनाला देऊन भागणार नाही. काही वेळा जलद डिलिव्हरी खरोखर फायद्याची असते. ती कधी, हे पाहायचं तर आधी आपण नेमकं काय विकत घेतो ते बघायला हवं.

संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: कामाचा एकच भाग वेगवान केला, तर एकूण फायद्याला उरलेल्या भागाची मर्यादा पडते. जादा शुल्क बहुधा फक्त प्रवासाचं असतं. वस्तू गोदामात शोधणं, बांधणं आणि कुरिअरच्या हवाली करणं याला लागायचा तो वेळ लागतोच. समजा गोदामात दोन दिवस आणि वाटेत तीन दिवस जातात. प्रवास एका दिवसावर आणला तर पाचाचे तीन होतात, हे ठीक आहे. पण वस्तू ऑर्डरनंतरच तयार होणार असेल आणि त्याला दहा दिवस लागणार असतील, तर तेवढ्याच पैशात तेरा दिवसांचे अकरा होतात. ‘दोन दिवसांत’ म्हणजे ऑर्डरपासून की माल निघाल्यापासून, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि सगळा फरक तिथेच असतो. संध्याकाळची गाडी निघून गेल्यावर केलेली ऑर्डर तर दुसऱ्या दिवसाचीच धरली जाते.

आता खरा प्रश्न. बिघडलेल्या चार्जरसारख्या वस्तूचा हिशेब सोपा आहे. रोजची अडचण किती आणि वाचणारे दिवस किती, यांचा गुणाकार करा आणि जादा शुल्काशी ताडून पाहा. पण पुष्कळशा वस्तूंचं नुकसान असं दिवसागणिक वाढत नाही. वाढदिवसाची भेट आदल्या दिवशी आली काय किंवा चार दिवस आधी आली काय, सारखंच. एक दिवस उशिरा आली तर मात्र घोटाळा. अशा वेळी आपण वेग विकत घेत नसतो, मुदतीच्या आत पोचण्याची शक्यता वाढवून घेत असतो.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. वस्तू सहा दिवसांत हवी आहे. साध्या डिलिव्हरीने १०० पैकी ८५ पार्सलं तोवर पोचतात आणि जलदने ९७. फरक १२चा. म्हणजे मुदत चुकल्याने होणारं नुकसान जादा शुल्काच्या साधारण आठपटीहून जास्त असेल तरच पैसे वसूल होतात. दहा दिवस हाताशी असतील तर समजा ९८ आणि ९९ असा फरक राहील, आणि मग नुकसान शंभरपट असायला हवं. दोनच दिवस असतील तर साधी ५, जलद ६०. तिथे दुपटीचं नुकसानही पुरे. आणि वस्तू उद्याच हवी असेल, दोन्हींची शक्यता शून्य असेल, तर जादा पैसे पाण्यात. भरपूर वेळ असताना जलद डिलिव्हरी निरुपयोगी हे सगळ्यांना कळतं. वेळ अगदीच नसतानाही ती तितकीच निरुपयोगी असते, पण नेमके तेव्हाच आपण घाबरून पैसे भरतो. तिची खरी किंमत मधल्या दिवसांत आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. डिलिव्हरीच्या सरासरीवर विसंबू नये; पार्सल ठरावीक किमान वेळेआधी येऊच शकत नाही, उशिराला मात्र वरची हद्द नाही. आणि नुकसान म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. ती कुणाकडून उसनी मिळत असेल किंवा जवळच्या दुकानात थोडी महाग मिळत असेल, तर नुकसान फार तर त्या पर्यायाच्या खर्चाएवढं.

वेगाला एवढे पैसे लागतात तरी का? उत्तर वाहनात कमी आणि भूमितीत जास्त आहे. बिअर्डवुड, हॉल्टन आणि हॅमर्सली या गणितज्ञांनी १९५९ साली दाखवलं, की ठरावीक क्षेत्रात विखुरलेल्या अनेक ठिकाणांना भेट देणारा सर्वांत छोटा मार्ग ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. घरं चौपट झाली तर गाडीची फेरी फक्त दुप्पट होते, म्हणजे दर पार्सलामागचं अंतर निम्मं. तुम्ही दोन दिवस थांबायला तयार असलात, की तुमच्या गल्लीतल्या आणखी चार जणांची पार्सलं जमेपर्यंत थांबता येतं. घाईत ही सोय राहत नाही, गाडी असेल तशी निघते. १९७३च्या एप्रिलमध्ये फेडेक्स या कुरिअर कंपनीने अमेरिकेतल्या मेम्फिसहून रातोरात पार्सल पोचवण्याची सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या रात्री १४ विमानांनी मिळून १८६ पार्सलं नेली. विमानामागे जेमतेम तेरा. पुढे धंदा वाढला तशी विमानं भरली, पण ठरल्या वेळी सुटायचं बंधन तेच राहिलं.

गर्दीच्या काळात हिशेब आणखी बदलतो. रांगांच्या गणितात सोप्यात सोपं प्रारूप घेतलं, तर व्यवस्था ८० टक्के व्यग्र असताना सरासरी थांबणं एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट असतं, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. अशा वेळी पुढे जाण्याचा परवाना खरंच मोलाचा असतो. फक्त सगळ्यांनीच तो घेतला तर रांग जिथल्या तिथे राहते, आणि खिसे तेवढे हलके होतात.

या सगळ्यात एक रकाना राहून गेला, तो थांबण्याच्या चवीचा. याच लोवेनस्टीन यांनी १९८७ साली लोकांना विचारलं होतं, आवडत्या चित्रपट कलाकाराचं चुंबन मिळणार असेल तर ते कधी मिळण्यासाठी सर्वांत जास्त पैसे द्याल? लोकांनी ‘आत्ता’पेक्षा ‘तीन दिवसांनी’ला जास्त भाव दिला. विजेच्या झटक्याचं उलट होतं: तो लांबणीवर पडणार असेल तर टाळायला लोक जास्त पैसे मोजायला तयार होते, कारण तोवरची धास्तीही सोसावी लागणार होती. स्वतःसाठी मागवलेली कादंबरी साध्या डिलिव्हरीने यावी. हरवलेल्या कागदपत्रांची प्रत येणार असेल, तर मुदत लांब असतानाही मी जलदवर बोट ठेवतो. गणितात ते बसत नाही, पण रात्री झोप लागते.