उत्तरं पाठ केली की कोडिंग इंटरव्ह्यू निघतो?

‘नेहमीचे कोडिंगचे प्रश्न उत्तरांसकट पाठ करा, मोठ्या कंपनीत निवड पक्की’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सराव हवाच, पण नुसतं पाठांतर पुरत नाही. समजा, अ‍ॅरेमधले (म्हणजे आकड्यांच्या यादीतले) ठरावीक बेरीज होणारे दोन आकडे शोधायचेत. हॅशमॅपचं, म्हणजे पाहिलेले आकडे साठवून हवा तो झटपट शोधणाऱ्या रचनेचं, उत्तर पाठ असतं. मग समोरचा विचारतो, ‘अ‍ॅरे चढत्या क्रमाने असेल तर?’ आता दोन्ही टोकांपासून सुरुवात करायची. बेरीज जास्त झाली तर उजवीकडून, कमी पडली तर डावीकडून आत सरकायचं. जादा मेमरी लागतच नाही! हे तिथेच सुचावं आणि बोलून दाखवता यावं लागतं. पडताळायचंय? सोडवलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा घ्या, एक अट बदला आणि कोड न चालवता मोठ्याने समजावत सोडवा. जिथे अडाल, तो भाग मुळापासून करा.