प्लीहा काढली की नेमकं काय जातं, आणि हे कळायला इतका वेळ का लागला

पोटाला मार लागला, प्लीहा (आपली पाणथरी) फुटली, काढून टाकली, पेशंट टाके काढून घरी. सर्जरीत बरीच वर्षं हे असंच चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटायचं नाही. १८६७ मध्ये पॅरिसला पेआं नावाच्या सर्जनने एका तरुण मुलीची प्लीहा काढली, ती जगली, म्हणजे प्लीहा नसली तरी भागतं, असा सरळ हिशोब.

खरंतर १९१९ मध्येच मॉरिस आणि बुलॉक यांनी उंदरांवर प्रयोग करून सांगितलं होतं की प्लीहा काढलेले उंदीर इन्फेक्शनला लवकर बळी पडतात, माणसातही असंच होत असणार. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मला वाटतं कारण साधं आहे, हे इन्फेक्शन कधी दोन वर्षांनी तर कधी वीस वर्षांनी येतं, तोवर गाव बदललेलं, डॉक्टर बदललेला, तो केसपेपरवर न्यूमोनिया नाहीतर मेंदूज्वर लिहून मोकळा, पोटावरचा जुना व्रण कोण बघतंय!

१९५२ ला अमेरिकेत किंग आणि शुमाकर यांनी पाच तान्ह्या बाळांच्या केसेस छापल्या. लाल पेशी फुटण्याच्या जन्मजात आजारासाठी प्लीहा काढलेली, आणि पुढे पाचही जणांना जबर इन्फेक्शन. लहान मुलांत हे लवकर होतं म्हणूनच धागा जुळला असावा. मग १९७३ मध्ये सिंगरने अडीच हजारांवर पेशंटचा हिशोब मांडला, त्यात मार लागून प्लीहा काढलेल्यांत सेप्सिस (रक्तात पसरलेलं जीवघेणं इन्फेक्शन) दीड टक्क्याच्या आसपास, थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजारासाठी काढलेल्यांत मात्र जवळपास पंचवीस टक्के.

आता "प्रतिकारशक्ती कमी होते" असं सगळे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. सर्दी-पडसं काही रोज मागे लागत नाही. जातं ते एक ठरावीक काम. न्यूमोकोकससारख्या (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणाऱ्या) जंतूंवर साखरेच्या रेणूंचं गुळगुळीत कवच असतं, त्यावर चटकन आयजीएम (पहिल्या फळीची) अँटीबॉडी बनवणाऱ्या खास बी पेशी प्लीहेत असतात, आणि तिथे रक्त इतकं सावकाश झिरपतं की अँटीबॉडी नीट न चिकटलेला जंतूही पकडला जातो. लिव्हरला हे तितकं जमत नाही. म्हणून सकाळी नुसती कणकण आणि रात्री आयसीयू असं होऊ शकतं. लाल पेशीतला उरलासुरला कचरा काढायचं कामही थांबतं, रक्ताच्या स्लाइडवर पेशीत जांभळा गोल ठिपका दिसतो, हॉवेल-जॉली बॉडी, तो दिसला की लॅबवाल्याला प्लीहा नाही किंवा काम करत नाही असा संशय येतो.

मधल्या काळात प्लीहा वाचवायचा विचारही सुरू झालेला. १९६८ मध्ये टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमधून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी लिहिलं की मुलांची फुटलेली प्लीहा बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय भरून येते. हे उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समधले. काढणं ठरलंच असेल तर लसी शक्यतो निदान दोन आठवडे आधी देतात, कारण नंतर त्याच लसीला प्रतिसाद कमी मिळतो.

आणि ऑपरेशन न होताही प्लीहा जाते. सिकलसेलमध्ये (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार) ती लहानपणीच निकामी होत जाते, १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये अशा मुलांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकसचं इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी घटलं, इतका फरक की ट्रायल वेळेआधीच थांबवली. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल भरपूर, त्यामुळे पोटावर टाका नसलेल्या पोराचा तापही तिथे हलक्यात घ्यायचा नसतो.