कन्व्हेयरवरचा यूव्ही दिवा : मागची गोष्ट

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. अशा मुलखात, धुण्याला पाणी न लागता यूव्ही म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारता येत असतील तर कारखान्यांनी तो मार्ग नीट समजून घ्यायलाच हवा. करोनाच्या काळात यूव्हीच्या पेट्या जिकडेतिकडे दिसू लागल्या, पण हे तंत्र त्याहून पुष्कळ जुने आहे.

1877 मध्ये इंग्लंडमध्ये डाऊन्स आणि ब्लंट यांनी दाखवून दिले, की उन्हात ठेवलेल्या नळ्यांत जिवाणू वाढत नाहीत आणि त्यात प्रकाशाच्या निळ्या-जांभळ्या बाजूचा वाटा मोठा आहे. 1901 मध्ये कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट घेतले. साधी काच जंतुनाशक किरण अडवते. क्वार्ट्झच्या नळ्या आल्या तेव्हा ते बाहेर पडू लागले. 1910 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहराने पिण्याच्या पाण्यावर ते वापरून पाहिले. 1930 च्या सुमारास संशोधक गेट्स यांनी कोणती तरंगलांबी सर्वांत घातक ते मोजले : 265 नॅनोमीटरच्या आसपास. पाऱ्याच्या दिव्याची मुख्य रेषा 254 वर, म्हणजे अगदी शेजारी. हा योग जुळला आणि त्याच दशकात हे दिवे मांसाच्या शीतगृहांत, बेकऱ्यांत पोचले. (आपल्या वैशाखातल्या उन्हातही 254 चे किरण नसतात; ओझोनचा थर ते वरच शोषतो.) जंतू मरतात ते त्यांच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात म्हणून, हे 1960 मध्ये उलगडले.

पाणी किंवा हवा दिव्याजवळून वाहते. कन्व्हेयरच्या पट्ट्यावरचा माल मात्र दिव्याखालून पळतो, आणि सगळे गणित तिथेच येते. समजा, दिव्यांचा टप्पा 60 सेंटिमीटर आहे आणि पट्टा मिनिटाला 6 मीटर धावतो. मालाला 6 सेकंद मिळतात. तीव्रता चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट असेल, तर मात्रा, म्हणजे तेवढ्या जागेवर पडलेली एकूण ऊर्जा, 30 मिलिज्यूल. बऱ्याच जिवाणूंना ती पुरते, काळ्या बुरशीच्या बीजाणूंना नाही. उत्पादन वाढवायला शिफ्टमध्ये कुणी पट्ट्याचा वेग दुप्पट केला, की मात्रा 15 वर येते आणि दिवा मात्र तसाच निळा दिसत राहतो. म्हणून पट्ट्याचा वेग आणि दिवे एकाच कंट्रोलला जोडलेले असावेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी अडचण सावलीची. लातूरची डाळ किंवा वसमतची हळद ढिगाने पट्ट्यावर असेल, तर फक्त वरचा थर उजळतो. खालचे दाणे तसेच राहतात. शिवाय भुकटी नळीवर बसली की तीव्रता घटते. तिथे यूव्हीचा खरा उपयोग पाऊचची फिल्म, बाटल्यांची झाकणे आणि पट्ट्याची रिकामी परतणारी बाजू यांवर आहे. चिकटलेला माल आधी खरवडून काढावा लागतोच.

बसवताना नळीवर टेफ्लॉनचे आवरण घ्यावे, म्हणजे ती फुटली तरी काच आणि पारा मालात पडत नाहीत. झाकण उघडताच दिवे विझवणारा इंटरलॉक हवाच. हे किरण डोळ्यांना जाणवत नाहीत. काही तासांनी, बहुधा कामगार घरी गेल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. मेंटेनन्ससाठी इंटरलॉक बायपास करून ठेवणे म्हणूनच अक्षम्य आहे. साधारण 9,000 तासांनी नळी बदलायची, पेटत असली तरी.