किल्ली कुणाकडे? मुंबईतल्या वस्ती-आरोग्याची पार्श्वभूमी

मुंबईतल्या एखाद्या वस्तीत सार्वजनिक शौचालय, दवाखाना किंवा तपासणी केंद्र उभे राहते, तेव्हा त्यामागे बहुधा तिघे असतात. जागा आणि परवानगी महापालिकेची, पैसा आणि प्रशिक्षित माणसे एखाद्या संस्थेची किंवा कंपनीची, आणि रोजचे चालवणे वस्तीतल्या मंडळाचे. काम अडते ते बहुतेक वेळा एकाच जागी. उद्घाटनाचा फलक लागतो, पण दोन वर्षांनी पंप जळाला तर तो कुणी दुरुस्त करायचा, हे कुठेच लिहिलेले नसते. ही तिघांची व्यवस्था कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. साथी, कर्जे आणि कोर्टकचेऱ्या यांतून ती सव्वाशे वर्षांत घडत गेली.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. घराघरांची झडती, आजाऱ्याला उचलून नेणे, सामान जाळणे असा सरकारी उपाय सुरू झाला. लोकांनी आजारी माणसे लपवली, हजारोंनी शहर सोडले आणि त्यांच्यासोबत रोगही बाहेर गेला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत दंगल उसळली. त्या काळात जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली होती, आणि तिथे लोक आपल्या माणसांना आपणहून नेत होते. औषध दोन्हीकडे जवळपास सारखेच, म्हणजे फारसे नाहीच. फरक पडला तो दारात कोण उभे आहे याने. याच साथीतून १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी बांधली, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागली.

पुढची काही दशके स्वयंसेवी कामाची. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने सुरू झाले. १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. वस्तीत काम करणे हा शिकण्याचा विषय आहे, हे तिने मान्य करून घेतले.

महापालिकेचा दवाखाना वस्तीच्या तोंडाशी आला तो मात्र बराच उशिरा. १९८२ च्या कृष्णन समितीने झोपडपट्ट्यांसाठी 'हेल्थ पोस्ट'ची कल्पना मांडली: २५ ते ५० हजार लोकवस्तीला एक केंद्र, आणि साधारण २,००० लोकांमागे वस्तीतलीच एक स्वयंसेविका. १९८८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा लोकसंख्या प्रकल्प मुंबईत सुरू झाला आणि हेल्थ पोस्टचे जाळे पसरले. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण गावी गेले, कुणाची क्षयाची गोळी चुकली, हे त्या ताईला विचारावे. तिला मिळणाऱ्या पैशाला तेव्हापासून 'मानधन' म्हटले गेले, आणि हा शब्द तिला महाग पडला. स्वयंसेविका म्हटले की कामाचे तास, भविष्य निर्वाह निधी, किमान वेतन यातले काहीच लागू नाही असे धरले जाते. या सेविकांच्या संघटना त्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत. सगळी व्यवस्था जिच्या पायांवर चालते तिला कर्मचारी न मानणे, हा या रचनेतला सर्वांत जुना अन्याय आहे.

तिघांची वाटणी प्रथमच कागदावर नीट उतरली ती शौचालयांच्या बाबतीत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या मलनिःसारण प्रकल्पात वस्ती स्वच्छता कार्यक्रम आला. त्याआधीची शौचालये सरकार बांधून देई आणि विसरून जाई. नव्या कार्यक्रमात बांधकामाआधी वस्तीने नोंदणीकृत मंडळ स्थापन करायचे, प्रौढामागे १०० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त ५०० रुपये वर्गणी बँकेत जमा करायची, मगच काम सुरू. ५० माणसांमागे एक सीट. बांधकाम पालिकेच्या पैशाने, चालवणे मंडळाचे. स्पार्क, महिला मिलन आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांनी यातली अनेक शौचालये उभी केली. मुलांसाठी उघड्या मोरीसारखी वेगळी छोटी बैठक आणि वर केअरटेकरची खोली या गोष्टी आराखड्यात आल्या त्या बायकांच्या आग्रहाने.

हिशेब मांडून पाहा. २० सीटचे शौचालय, म्हणजे १,००० माणसे, म्हणजे साधारण २०० कुटुंबे. महिन्याचा पास ५० रुपये धरला तर हातात १०,००० रुपये येतात. त्यात केअरटेकर, फिनेल, झाडू, वीज, पाणी आणि टाकीचा उपसा बसवायचा. ६० कुटुंबांनी पास बंद केला की ३,००० गेले, आणि पहिली कात्री सफाईला लागते. सफाई घटली की आणखी पास बंद होतात. वीज किंवा पाण्याचे बिल व्यापारी दराने आले तर हे गणित पहिल्याच वर्षी कोसळते. मग मंडळ पास सोडून दर वेळेचे पैसे घेऊ लागते. पाच जणांच्या घराला ते महिन्याला कितीतरी पटींनी महाग पडते, आणि बायका पाणी कमी पिऊन दिवस काढतात. काही ठिकाणी मंडळ एकाच माणसाच्या ताब्यात जाते आणि रात्री ११ ला कुलूप लागते. टाकीकडे तर कुणाचेच लक्ष नसते. मुख्य मलवाहिनीला जोडणी नसलेल्या शौचालयांची टाकी वेळेवर उपसली नाही, तर वायू साठतो, लादी खचते. अशा दुर्घटनांत मुंबईत माणसे मेली आहेत.

पाण्याची लढाई याच्याच पोटातली. सरकारने ठरवलेल्या तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर अनधिकृत असले तरी पाण्याचा हक्क जात नाही. 'सर्वांसाठी पाणी' धोरण त्यानंतर २०२२ मध्ये आले.

तपासणीच्या कामात सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. साधन काय, तर व्हिनेगरसारखे ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल आणि कापसाचा बोळा. बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते चांगल्या उजेडात पाहायचे. डाग दिसला तर रुग्णालयात पुढची तपासणी. हे काम दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका करत होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या, आणि तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटापेक्षा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या गटातल्या स्त्रियांना तेव्हा फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. त्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते घ्यायलाच हवे होते. तरी वस्तीतली बाई, साधे साधन आणि मागे खात्रीचे रुग्णालय ही साखळी तुटली नाही तर काय होते, ते या कामाने दाखवले. साखळीचा शेवटचा दुवा नसलेली शिबिरे आजही भरतात. तिथे रक्तदाब मोजला जातो, चिठ्ठी हातात दिली जाते, आणि ती चिठ्ठी घरातल्या डब्यात राहते.

वस्ती संघटित केली की सगळे आपोआप सुधारते असेही नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या स्नेहा संस्थेने ४८ वस्त्यांमध्ये महिला गटांचा शास्त्रीय अभ्यास केला. तीन वर्षांनंतर प्रसूतिकाळच्या सेवांच्या वापरात अपेक्षित फरक दिसला नाही. मुंबईत बहुतेक बायका आधीच रुग्णालयात जात होत्या. तिथे पोहोचल्यावर काय मिळते, प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयात वेळेवर पाठवतात का, ही खरी अडचण होती, आणि ती गटाच्या बैठकीत सुटणारी नव्हती. असा निकाल उघडपणे छापणे हीसुद्धा सेवाच.

क्षयरोगातही हेच. रुग्ण आधी गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जातो, म्हणून २०१४ मध्ये पालिकेने एका संस्थेला मध्यस्थ नेमून खाजगी डॉक्टरांच्या रुग्णांनाही मोफत तपासणी आणि औषधे दिली. पण गोवंडी-मानखुर्दमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासाने याचा क्षयाशी संबंध दाखवला. तिथे गोळ्या देणारी संस्था कितीही चांगली असली तरी खिडकी ती देऊ शकत नाही.

पैशाची बाजू गेल्या दशकात पार बदलली. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चणे बंधनकारक झाले. पैसा आला, पण तो वर्षावर्षाच्या मुदतीने. चालू प्रकल्प म्हणून घेतला तरी सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. कंपनीला यंत्र, व्हॅन, इमारत दाखवता येते. ताईचा पगार दाखवणे कठीण जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत असा पैसा मिळवणाऱ्या छोट्या मंडळांचा तो मार्ग बंद झाला.

२०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० कुटुंबांमागे १०-१२ बायकांची महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपये मुक्त निधी अशी तरतूद आहे. रक्कम छोटी असली तरी कुणाला न विचारता गटाराचे झाकण बसवण्याइतकी आहे. खाते उघडले नाही किंवा सही करणारी बाई घर बदलून गेली, की ती पडून राहते.

म्हणून नवा करार करताना अनुभवी मंडळी आधी चार गोष्टी लिहून घेतात: पाण्याचे आणि विजेचे मीटर कुणाच्या नावावर आणि कोणत्या दराचे, टाकी किती महिन्यांनी आणि कुणाच्या खर्चाने उपसायची, संशयित रुग्णाला कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी न्यायचे, आणि तीन वर्षे संपून देणगीदार गेल्यावर ३७व्या महिन्याचे मानधन कुठून. किल्लीच्या दोन प्रती करतात. त्यातली एक बायकांच्या गटाकडे राहते.