मुलाला आवरणं आणि मुलानं स्वतःला आवरणं

जुलै 2018 मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत नर्सरी ते आठवीसाठी 'हॅपिनेस करिक्युलम' सुरू झाला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक आणि भावनिक शिक्षणाचा उल्लेख आला. आता आपल्याकडच्याही अनेक शाळांत वर्गाच्या भिंतीवर रागावलेल्या, रडवेल्या, हसऱ्या चेहऱ्यांचे तक्ते दिसतात आणि 'राग आला की दहापर्यंत आकडे मोज' असं बाई सांगतात. हे सगळं नवं वाटतं, पण त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची खटपट आहे. मूल सांगितलेलं ऐकतं का, या प्रश्नापासून ती सुरू झाली. पुढे मुलाला स्वतःला थांबवता येतं का, असं विचारलं जाऊ लागलं. मूल थांबू शकेल अशी परिस्थिती आपण त्याला देतो का, हा प्रश्न सर्वांत उशिरा आला. माझ्या मते खरा प्रश्न हाच, आणि अजूनही तोच मागे पडतो.

मन आवरण्याची शिकवण मराठी घरांना परकी नव्हती. दिवेलागणीला परवचा म्हणताना मनाचे श्लोक पाठ व्हायचे, त्यांत क्रोध सोड असं सांगणारा श्लोकही होता. समर्थ तिथे दुसऱ्या कुणाला उपदेश करत नाहीत, स्वतःच्या मनालाच हाक मारून समजावतात. मुलांच्या हाती हे फार मोलाचं साधन होतं. पण तेच मूल दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं की छडी खायचं, अंगठे धरून उभं राहायचं. त्या वर्गात शांतता असायची, मात्र ती मास्तरांच्या मालकीची. मास्तर दाराबाहेर गेले की वर्गात गोंधळ. भीतीनं मूल गप्प बसतं. स्वतःला थांबवायला ते त्यातून शिकत नाही.

भीतीशिवायही मूल स्वतःला थांबवू शकतं, हे वर्गात करून दाखवलं ते इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. एकदा त्यांना अंगणात एक आई भेटली. तिच्या कडेवर चार महिन्यांचं, कापडात घट्ट गुंडाळलेलं बाळ होतं. ते बाळ घेऊन मॉन्टेसरी वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, बघा हे किती शांत आहे, त्याचा श्वास किती हळू चाललाय. मुलं पाय न हलवता, श्वास धरून पाहत राहिली. त्या निःशब्दतेत एरवी कधी न जाणवलेले बारीक आवाज ऐकू येऊ लागले. यातून 'शांततेचा खेळ' तयार झाला. मुलं स्तब्ध बसतात, बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत्या आवाजात घेतात, आणि ज्याचं नाव येतं ते मूल खुर्ची न वाजवता, चाहूल न लागू देता त्यांच्याकडे जातं. शेवटच्या मुलाला सगळ्यांत जास्त वाट पाहावी लागते, आणि तेही थांबतं. मॉन्टेसरींनी सुरुवातीला बक्षीस म्हणून गोळ्या देऊ केल्या, पण मुलांनी त्या नाकारल्या. खेळातच त्यांना हवं ते मिळत होतं.

हा विचार आपल्याकडे आला तो भावनगरमार्गे. तिथे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं आणि काही वर्षांनी मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1939 मध्ये मॉन्टेसरी स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली ब्रिटिशांच्या विरुद्ध बाजूला गेल्यावर त्यांचा मुलगा मारिओ याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, 31 ऑगस्ट 1940 रोजी, त्याची सुटका झाली.

ताराबाईंनी पुढे केलेलं काम मला मॉन्टेसरींच्या कामाइतकंच मोठं वाटतं. महागडी साधनं आणि शहरी बालमंदिरं गरिबाच्या पोराला काय उपयोगाची, असा प्रश्न घेऊन त्या 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शिंपले, खडे, बिया, पानं ही साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलांना आधी आंघोळ, मग गाणं, मग हातांना काम. आधी मुलाला सुरक्षित वाटू दे, शिस्त त्याच्या मागून येते, हे तिथे रोज दिसत होतं.

मॉस्कोत 1920च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनं आले. लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्यानं बोलतं, 'आता लाल ठेवायचा, नको, पडेल.' या बोलण्यानं मूल स्वतःला वळण लावत असतं, असं त्यांनी मांडलं. आधी मोठी माणसं मुलाला सांगतात, मग मूल ते स्वतःला मोठ्यानं सांगतं, आणि पुढे ते बोलणं आत जाऊन विचार होतं. वायगॉट्स्की 1934 मध्ये क्षयानं गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्याच परंपरेत 1948 मध्ये झिनाइदा मानुइलेन्को यांनी एक सुरेख प्रयोग केला. मुलांना 'हलू नका, उभे राहा' असं नुसतं सांगितलं तर ती थोडाच वेळ उभी राहत. खेळात पहारेकरी केलं की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ न हलता उभी राहत. पुढे 1971 मध्ये मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी उतावळ्या मुलांना काम करताना स्वतःला सूचना द्यायला शिकवायची पद्धत बांधली. समर्थांनी मनाला घातलेली हाक आणि ही पद्धत एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते परवचा म्हटलेल्या कुणालाही कळेल.

त्याच दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या काही वर्गांत 'कासव' आलं. राग उसळला की मुलानं हातपाय जवळ घ्यायचे, मान खाली घालायची, अंग सैल सोडायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. 1976 मध्ये या तंत्रावर शोधनिबंध निघाला आणि आज जगभरच्या बालवाड्यांत ते वापरलं जातं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियं आवरणाऱ्या माणसाला कासवाचीच उपमा आहे. ज्ञानेश्वरांनी तिथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे: कासव खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आपले आपण आवरून घेतं. दुसऱ्यानं दाबून धरलेलं कासव ज्ञानेश्वरांना अभिप्रेत नाही. वर्गात हे तंत्र शिक्षेसारखं वापरणाऱ्यांनी ही ओवी जरूर वाचावी.

आता सगळ्यांना ठाऊक असलेला मार्शमेलोचा प्रयोग. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल 1930 साली व्हिएन्नात जन्मले. नाझी आल्यावर 1938 मध्ये कुटुंबासह देश सोडून ते अमेरिकेत गेले. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर खाऊ ठेवायला सुरुवात केली. मार्शमेलो ही साखर आणि जिलेटिनची मऊ मिठाई प्रसिद्ध झाली, पण बिस्किटं वगैरेही होती. प्रयोग घेणाऱ्या बाई मुलाला सांगत, आत्ता हवा तर एक खा, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबवेना तर घंटी वाजव, मी लगेच येईन. एक तपशील या प्रयोगाच्या व्हिडिओंमध्ये कधीच दिसत नाही. प्रयोगाआधी बाई मुलासोबत घंटीचा सराव करत. बाहेर जात, मूल घंटी वाजवी, त्या लगेच येत. बाई शब्द पाळतात हे मुलाला आधी पटवून दिलं जात असे.

मिशेल यांना कोण थांबतं यापेक्षा कसं थांबतं याचं कुतूहल होतं. 1970च्या निबंधात दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही खाऊ नजरेआड ठेवले तेव्हा सव्वाअकरा मिनिटं. खाऊ म्हणजे ढग आहे अशी कल्पना कर, असं सांगितलं की थांबणं सोपं जाई, त्याची चव आठवली की अवघड. म्हणजे संयम दात-ओठ खाऊन येत नाही, नजर आणि विचार वळवता आले की येतो, आणि हे शिकवता येतं. प्रयोगाचा खरा निष्कर्ष हा होता. जगानं उचलला तो मात्र 1990चा पाठपुरावा: जास्त थांबलेल्या काही मुलांना पुढे प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळाले होते. त्यावरून चौथ्या वर्षीच मुलाचं भवितव्य कळतं असा समज पसरला. पालक घरी मुलांपुढे चॉकलेट ठेवून परीक्षा घेऊ लागले.

या समजाला धक्के बसले ते गेल्या काही वर्षांत. 2013 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी 28 मुलांना आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देण्याचं आश्वासन दिलं. निम्म्या मुलांसाठी ते पाळलं, निम्म्यांसाठी मोडलं. मग मार्शमेलो. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. ज्या घरात उद्याची खात्री नाही त्या घरातलं मूल समोरचा घास लगेच खातं, यात उतावळेपणा कुठे आला? ते शहाणपणच. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध मूळ अभ्यासाच्या साधारण निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर बराचसा विरून गेला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात कॅमेरूनच्या न्सो जमातीच्या शेतकरी कुटुंबांतली चार वर्षांची मुलं या चाचणीत बसली होती. सुमारे 70 टक्के शेवटपर्यंत थांबली. जर्मन मुलांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली होतं. जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबतात आणि भेटवस्तूसाठी कमी, अमेरिकी मुलांचं उलट, असं 2022 मध्ये दिसलं. जपानात सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत थांबायची सवय लहानपणापासून असते. आपल्याकडच्या बालवाडीत डबे उघडलेले, पोटात भूक, आणि तरीही 'वदनी कवळ घेता' पूर्ण होईपर्यंत हात न लावणारी चिमुरडी मुलं पाहिली की त्या निष्कर्षाचं नवल वाटत नाही.

भावनांना नाव देण्याचा धागा वेगळा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी 1990च्या दशकात दाखवलं की मुलाचा राग झटकून न टाकता तो ओळखून, त्याला शब्द देऊन, मग वागण्याला मर्यादा घालणाऱ्या आईबापांची मुलं स्वतःला लवकर सावरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि घटना नव्हे तर तिच्याबद्दलचा आपला विचार आपल्याला चिडवतो, ही मांडणी मराठी पालकांपर्यंत पोहोचली.

मार्शमेलो चाचणीला धक्के बसले, म्हणून संयमाचं महत्त्व कमी होत नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा माग आजही घेतला जातो. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, त्यांची तब्येत आणि पैशांची घडी बत्तिसाव्या वर्षी बरी होती, बुद्धी आणि घरची ऐपत धरूनसुद्धा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मोठं होताना ज्यांचा ताबा सुधारला, त्यांचं लहानपणावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा चांगलं झालं. मिशेलही सप्टेंबर 2018 मध्ये जाईपर्यंत हेच सांगत होते, चाचणी म्हणजे ललाटरेषा नव्हे.

शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं 2009 मध्ये शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. छडी गेली, तरी तिच्या जागी काय करायचं याचं प्रशिक्षण फार थोड्या शिक्षकांना मिळालं. ताराबाईंची अंगणवाडी 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोहोचली, पण तिथल्या सेविकेवर पोषण आहार, वजनं, लसीकरण आणि नोंदवह्या यांचा भार पहिला पडतो. मुलांना गोलात बसवून एकेकाचं नाव कुजबुजत घ्यायचं, तर आधी तिचा दिवस मोकळा करावा लागेल.