स्मरणशिळेसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि स्थानिक सहकार्य

जर्मनीतील अनेक शहरांच्या पदपथांवर पितळी पत्र्याने मढवलेले, तळहाताएवढे चौकोनी दगड बसवलेले दिसतात. नाझी राजवटीने छळलेल्या किंवा ठार मारलेल्या माणसाचे नाव त्याच्याच घरासमोर कोरलेले राहावे, या हेतूने कलाकार गुंटर डेमनिग यांनी 1992 मध्ये कोलोन येथे हा उपक्रम सुरू केला आणि मे 2023 मध्ये न्युर्नबर्ग येथे एक लाखावी शिळा बसली. जर्मन लोक तिला ‘श्टोल्परश्टाइन’ म्हणतात. या लेखात स्मरणशिळा हा शब्द वापरला आहे. शिळेचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि विद्यार्थ्यांनाही या कामात भाग घेता येतो. मात्र हे काम एकट्याने पार पडत नाही. स्थानिक गट, नगरपालिका, अभिलेखागार, शाळा आणि शक्य असल्यास मृताचे नातेवाईक यांनी मिळूनच ते करावे लागते.

पात्रतेचा विचार ज्या व्यक्तीचे स्मरण करायचे तिच्या बाबतीत होतो. ज्यू, सिंती व रोमा (युरोपातील अल्पसंख्याक समाज), राजकीय विरोधक, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ) आणि ‘दयामरण’ या खोट्या नावाखाली मारले गेलेले मनोरुग्ण व अपंग, अशा 1933 ते 1945 या काळातील सर्व पीडितांचा यात समावेश होतो. छळातून जिवंत सुटलेल्या किंवा परदेशी पळून गेलेल्या व्यक्तीचीही शिळा बसवता येते, कारण ताटातूट झालेले कुटुंब निदान शिळांच्या रूपाने एकत्र यावे, अशी या उपक्रमाची भूमिका आहे. शिळेची जागा म्हणजे त्या व्यक्तीने स्वेच्छेने निवडलेले शेवटचे घर. ज्यूंना सक्तीने कोंबून ठेवलेल्या ‘ज्यू-घरांचा’ पत्ता त्यासाठी साधारणपणे धरला जात नाही. मूळ इमारत आज उभी नसली तरी हरकत नसते.

पहिले पाऊल म्हणून आपल्या शहरातील स्मरणशिळा गटाशी संपर्क साधावा. बर्लिन, हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट अशा शहरांत हे गट सुस्थिर आहेत आणि एखाद्या नावावर आधीच काम चालू आहे का, हे त्यांना ठाऊक असते. त्यानंतर सुरू होते संशोधन, आणि माझ्या मते खरा अर्ज हाच आहे. बाड आरोल्सन या जर्मन गावातील, नाझी छळाच्या पीडितांविषयीच्या अभिलेखागारात सुमारे 1 कोटी 75 लाख व्यक्तींविषयीची कागदपत्रे आहेत आणि तेथे विनाशुल्क विचारणा करता येते. जर्मन संघीय अभिलेखागाराचे स्मृतिपुस्तक (मारल्या गेलेल्या ज्यूंची नामावली) व जेरुसलेममधील याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेची नामसूची घरबसल्या पाहता येते. शहराच्या अभिलेखागारातील रहिवासी नोंदणी कार्डे, जुनी पत्तापुस्तके, मे 1939 च्या जनगणनेतील नोंदी आणि युद्धानंतरच्या नुकसानभरपाईच्या फायली यांतून पत्ता व कुटुंबाची माहिती पक्की होते. जन्मवर्ष, विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव, अटकेची, हद्दपारीची व मृत्यूची तारीख आणि ठिकाण, यांपैकी प्रत्येक बाबीसाठी कागद हाती असावा. दोन नोंदींत तफावत आढळल्यास ती लपवू नये. दोन्हींच्या प्रती जोडाव्यात.

नातेवाइकांचा शोध हा टप्पा घाईने उरकू नये. वंशज इस्रायल, अमेरिका किंवा दक्षिण अमेरिकेत असू शकतात आणि ते सापडायला महिने लागतात. त्यांनी विरोध केला तर शिळा बसवली जात नाही, आणि हे योग्यच आहे. आपल्या माणसाचे नाव लोकांच्या पायांखाली असावे, हे सर्वांनाच मान्य होत नाही. याच आक्षेपाचा मान राखून म्युनिकच्या नगरपरिषदेने सार्वजनिक जागेवर स्मरणशिळा बसवण्यास परवानगी नाकारली आणि 2018 पासून तेथे भिंतीवरील फलक व स्तंभ यांची वेगळी पद्धत सुरू झाली. म्युनिकमधील मराठी रहिवाशांनी म्हणूनच थेट शहर प्रशासनाच्या स्मृतिचिन्ह योजनेची चौकशी करावी.

पदपथ नगरपालिकेच्या मालकीचा असल्याने तिची परवानगी आवश्यक असते. घरमालकाची संमती कायद्याने लागत नाही, तरी त्याला आधी कळवणे शहाणपणाचे ठरते. परवानगी व संशोधन हाती आल्यावर स्थानिक गट सर्व माहिती डेमनिग यांच्या कार्यालयाकडे पाठवतो आणि कोरायचा मजकूर तेथे ठरतो. बहुतेक शिळांवर तो ‘येथे राहत होते’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांनी सुरू होतो. अक्षरे एकेक करून हाताने ठोकली जातात, त्यामुळे प्रतीक्षा मोठी असते. जर्मनीत एका शिळेसाठी दीर्घकाळ 120 युरो घेतले जात होते. चालू दर गटाकडून लेखी मागवावा. हा खर्च एखादी व्यक्ती, शाळेचा वर्ग किंवा मंडळ प्रायोजक म्हणून उचलू शकते.

शिळा बसवण्याच्या दिवसासाठी नगरपालिकेच्या बांधकाम विभागाशी वेळ ठरवावी लागते, तसेच नातेवाइकांना प्रवासासाठी पुरेसा अवधी द्यावा लागतो. विद्यार्थ्यांनी चरित्र वाचून दाखवायचे असेल तर ते नातेवाइकांना आधी पाठवून त्यांच्याकडून तपासून घ्यावे. पितळ काळवंडते, म्हणून पुढील देखभाल कोण करणार हेही अर्जाच्या वेळीच ठरवावे. अनेक ठिकाणी 27 जानेवारी (आउश्वित्झ छळछावणीच्या मुक्ततेचा दिवस) व 9 नोव्हेंबर (1938 मधील ज्यूविरोधी हिंसाचाराचा स्मरणदिन) यांच्या सुमारास नागरिक शिळा घासून स्वच्छ करतात. रस्ता खोदला जाणार असल्याचे कळताच स्थानिक गटाला व नगरपालिकेला लेखी कळवावे, म्हणजे शिळा सुरक्षित काढून त्याच जागी पुन्हा बसवता येते.