कॅन्सरनंतरची पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी

गर्भाशयमुख, गर्भपिशवी, गुदाशय, मूत्राशय नाहीतर प्रोस्टेटच्या कॅन्सरवर ऑपरेशन झालं किंवा शेक (रेडिएशन) घेतला की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर) बऱ्याचदा बिघडतात, मग संबंधाच्या वेळी दुखतं, बायकांच्या योनीची आतली जागा आखडते, खोकताना लघवी सुटते, पुरुषांना ताठरता येत नाही. ह्या तक्रारींवर फिजिओथेरपिस्ट जे तपासणं, शिकवणं आणि व्यायाम करून घेणं करतात ती ही थेरपी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या कर्नाटकातल्या सीमापट्ट्यात कॅन्सरचा उपचार आता बऱ्यापैकी मिळतो, पण उपचार संपल्यावर नवरा-बायकोचं काय होतं हे कोण विचारत नाही, आणि पेशंट तर आपणहून सांगतच नाही, म्हणून ही नोंद जरा इथल्या माणसाच्या अंगानं लिहिलीय.

हे स्नायू म्हणजे पुढच्या जघनाच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत बांधलेली झोळी. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, शौचाचा शेवटचा भाग, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं, बायकांचा योनीमार्ग तिच्यातून जातो आणि पुरुषांत ताठरता टिकवायला ह्यातलेच पुढचे स्नायू मदत करतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ह्यांच्या व्यायामाबद्दल लिहिलं, तेव्हापासून ‘केगेल’ हे नाव सगळीकडं पसरलं, आता तर मोबाईलवर रील बघूनही लोक करतात. हठयोगातली अश्विनी मुद्रा आणि मूलबंध हे पण आवळण्याचेच प्रकार, त्यामुळं आपल्याकडं योगाच्या क्लासला जाणाऱ्यांना कल्पना अगदीच नवी नाही. पण कॅन्सरनंतरच्या पेशंटला, त्यातही शेक घेतलेल्या बाईला, पहिल्याच दिवशी ‘आवळा आवळा’ सांगणं बऱ्याचदा चुकीचं ठरतं, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

शेक घेतल्यावर आत काय होतं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण पाच आठवडे बाहेरून शेक, बहुतेकदा त्यासोबत आठवड्याला एकदा सिस्प्लाटिन ह्या केमोच्या औषधाचं सलाईन, आणि मग आतून शेक म्हणजे ब्रॅकीथेरपी, असा उपचार असतो. कॅन्सरच्या पेशी मरतात, पण आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो. योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिचा ताणला जायचा गुण कमी होतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि महिन्या-महिन्यानं जागा अरुंद आणि आखूड होत जाते. शेकामुळं बीजकोशही बंद पडतात, त्यामुळं पस्तिशीतल्या बाईची पण पाळी जाते, अंगातून वाफा येतात, कोरडेपणा आणखी वाढतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर ओटीपोटाला हातही लागलेला नसतो, तरी लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ह्या इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) कमी करणाऱ्या गोळ्यांनी कोरडेपणा येतोच.

ह्यात अजून एक गोष्ट होते जी एमआरआयमध्ये दिसत नाही. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच सावध होतं आणि हे स्नायू आपोआप घट्ट होतात, घट्ट झाले की अजून दुखतं, अजून दुखलं की अजून घट्ट. बाई नको म्हणते, नवरा समजतो की मन नाही, नाहीतर तोच घाबरतो की आपल्यामुळं हिला परत काय व्हायला नको, आणि दोघं वेगवेगळ्या खोलीत झोपायला लागतात. बाहेरून घेतलेल्या शेकाचे किरण अंगात राहत नाहीत, नेहमीच्या ब्रॅकीथेरपीचे पण नाहीत, आणि कॅन्सर संबंधातून नवऱ्याला लागत नाही. ही दोन वाक्यं डॉक्टरनी नवऱ्याला समोर बसवून सांगितली तर निम्मं भांडण तिथंच मिटतं.

पहिली भेट

पहिल्या भेटीत बराचसा वेळ नुसतं बोलण्यात जातो. कुठला उपचार झाला, कधी संपला, लघवी किती वेळा, शौचाला कुंथावं लागतं का, संबंधाच्या वेळी सुरवातीलाच दुखतं की आत खोलवर, हे सगळं विचारतात. चांगली थेरपिस्ट हे विचारताना खोलीत सोबत आलेल्यांना बाहेर बसवते. ही साधी गोष्ट आपल्याकडं फार महत्त्वाची आहे, कारण सीमाभागात कितीतरी मराठी बायकांना डॉक्टरचं कन्नड कळत नाही आणि मध्ये बोलायला भाचा नाहीतर दीर उभा असतो, आता भाच्यासमोर कुठली बाई ‘तिथं दुखतंय’ म्हणणार? ‘सगळं बरं हाय की’ म्हणून उठते. मराठी येणारी सिस्टर किंवा बाईमाणूस मध्ये घ्या असं पेशंटनं मागितलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग तपासणी. पेशंट पाठीवर झोपते, गुडघे दुमडलेले, खाली उशी, अंगावर चादर. थेरपिस्ट आधी पोटावर हात ठेवून श्वास बघते, मांडीच्या आतल्या बाजूला दाबून कुठं दुखतंय ते बघते, आणि आतून तपासायचं असेल तर वेगळी परवानगी घेते, ग्लोव्ह्ज आणि जेल लावून एकच बोट, तेही योनीच्या तोंडाशी थांबवून, ‘अक्का, आता श्वास सोडा, दुखलं तर सांगा, थांबते मी’ असं म्हणत. डावीकडं दाबलं की झिणकारा येतो का, आवळायला सांगितलं तर किती धरता येतं, आणि मुख्य म्हणजे सोडायला सांगितल्यावर खरंच सुटतं का. बऱ्याच जणी सोडलं म्हणतात पण स्नायू तिथंच ताठ असतो, त्यांना स्वतःलाच ते कळत नसतं. आतून तपासणी नको वाटली तर नाही म्हणायचं, बाहेरूनही बरंच काम सुरू करता येतं.

सोडणं आधी, आवळणं नंतर

आखडलेल्या बाईला पहिले काही आठवडे फक्त सोडायला शिकवतात. श्वास घेताना पोट फुगवायचं, त्याबरोबर खालचा तळ आपोआप थोडा खाली सरकतो, तो सरकताना जाणवेपर्यंत हेच करायचं. सोबत बालासन, बद्धकोणासन, मांड्यांचे ताण. थेरपिस्ट आतून हळू दाब देऊन स्नायूंतल्या घट्ट गाठी सैल करते आणि हेच घरी स्वतःच्या बोटानं कसं करायचं ते दाखवते. बायोफीडबॅकचं मशीन असेल तर स्नायू आवळला-सुटला की स्क्रीनवरची रेघ वर-खाली होते, ते बघून पेशंटला पटकन समजतं.

सोडणं जमलं आणि स्नायू कमजोर असतील तरच आवळण्याचा व्यायाम. नेहमीची पद्धत म्हणजे आठ-दहा वेळा आवळणं, प्रत्येक वेळी पाच ते दहा सेकंद धरून तेवढाच वेळ सोडणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी मध्येच रोखून बघणं हे नेमके कुठले स्नायू ते ओळखण्यापुरतं एकदा करायचं, रोजचा व्यायाम म्हणून नाही. खोकला-शिंक यायच्या आधी, घागर उचलायच्या आधी आवळून घ्यायचं ही युक्ती खानापूरकडं भात लावणीला जाणाऱ्या बायकांना फार उपयोगी पडते. निपाणीकडं दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांनी मधूनमधून उठून चालावं, एकाच बैठकीत तास न् तास बसून खुबे आणि हे स्नायू दोन्ही आखडतात.

कॅनडात २०२० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात स्त्रीरोगाच्या कॅन्सरमधून उठलेल्या आणि संबंधावेळी दुखणाऱ्या ३१ बायकांनी १२ आठवडे अशी थेरपी घेतली, माहिती, हातानं उपचार, बायोफीडबॅक, घरचे व्यायाम सगळं मिळून, आणि त्यांचं दुखणं बरंच कमी झालं. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून ह्यावरून फार मोठे दावे करायला नकोत, पण वाट बरोबर आहे एवढं नक्की दिसतं.

डायलेटर

डायलेटर म्हणजे प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या गुळगुळीत कांड्या, लहान ते मोठ्या मापाच्या. शेक संपल्यावर आतली जागा जरा भरून आली की, साधारण दोन ते आठ आठवड्यांत, डॉक्टरनी हो म्हटल्यावर सुरू करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. भरपूर जेल लावायचं, सगळ्यात लहान मापापासून सुरवात, श्वास सोडत आत सरकवायचं, जबरदस्ती अजिबात नाही. नंतर साबण-पाण्यानं धुऊन वाळवायचं. थोडा लालसर डाग पडला तर घाबरू नये. हे फक्त संबंधासाठी असतं असं समजून विधवा आणि वयस्क बायका ‘आता ह्या वयात काय करायचंय ओ मॅडम’ म्हणून डबा परत देतात, पण जागा उघडी राहिली नाही तर पुढं डॉक्टरना आतून तपासताच येत नाही, कॅन्सर परत आलाय का ते बघणार कसं? तेव्हा नवरा असो नसो, ह्याचा उपयोग आहेच.

जेल पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्यावं. खोबरेल तेल घरात असतंच आणि बायका वापरतात, पण त्यानं लॅटेक्सचा कंडोम फाटतो. इस्ट्रोजेनचं मलम स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये, मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तर नाहीच.

पुरुष

प्रोस्टेट काढल्यावर लघवीसाठी घातलेली नळी काही दिवसांनी निघते आणि मग उठताना, खोकताना लघवी गळते. एसटी स्टँडवर उभं राहायची भीती वाटते म्हणून माणूस गावातल्या लग्नालाही जात नाही. आवळण्याच्या व्यायामानं गळणं लवकर आटोक्यात येतं, शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावा. ताठरतेचं मात्र वेगळं आहे, ती मुख्यतः नसांवर अवलंबून, नसा वाचवून ऑपरेशन केलं तरी परत यायला दोन वर्षांपर्यंत लागू शकतात, व्यायामाची मदत थोडीच. म्हणून सोबत सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या, व्हॅक्यूम पंप असं डॉक्टर देतात, आणि हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल घेऊच नये, बीपी एकदम पडून जीवावर बेततं. ऑपरेशननंतर तृप्ती होते पण वीर्य येत नाही, हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी असली तरी संबंध ठेवता येतो, आधी रिकामी करून नीट चिकटवून घ्यावी.

सीमाभागात सोय

बेळगावात नेहरूनगरला केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि त्याच संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, शिवाय संस्थेच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन ३ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. बाकी पेशंट हुबळी, मिरज, कोल्हापूर नाहीतर मुंबईच्या टाटाला जातात, खानापूरकडचे काही जण चोर्ला घाटातून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटकनं त्याला विरोध केला, हा राजकारणाचा भाग वेगळा. पेशंटच्या बाजूनं अडचण अशी की शेक मिरजेला, फॉलोअप तीन महिन्यांनी, आणि मधल्या काळात जागा आखडत जाते ती घरी. त्यामुळं डिस्चार्जच्या वेळीच ‘डायलेटर कधी सुरू करू’ आणि ‘पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओ माझ्या गावाजवळ कोण’ हे दोन प्रश्न विचारून कागदावर लिहून घ्यावेत. कंबर-गुडघ्याची फिजिओथेरपी करणारा प्रत्येक जण हे करतो असं नाही, त्याचं वेगळं शिक्षण लागतं, फोनवरच विचारून घ्यावं. एकदा नीट शिकून घेतलं की बाकीचं घरी, महिन्यातून एक फेरी पुरते बऱ्याच जणांना.

कधी थांबायचं

जास्त रक्त जाणं, घाण वासाचा पांढरा स्राव, ताप, हे दिसलं की व्यायाम-डायलेटर सगळं बंद करून कॅन्सरच्या डॉक्टरकडं. गर्भपिशवी काढल्यावर आतले टाके भरेपर्यंत आत काही घालायचं नाही, किती आठवडे ते सर्जन सांगतील. योनीतून सतत लघवी किंवा शौच येत असेल तर आत भोक पडलेलं असू शकतं, ते व्यायामानं बुजत नाही. आणि शेक घेतलेल्या बाईला उभं राहताना, चालताना कमरेच्या खाली मागच्या हाडात नवीनच कळ यायला लागली तर ती ‘स्नायूची असेल’ म्हणून चोळत बसू नये, शेकानं ठिसूळ झालेल्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आधी एमआरआय, मग फिजिओथेरपी.